गाणं तेच, की तसंच?

एका स्टुडिओत प्रो टूल्सवर मुद्रित झालेलं गाणं घरी रीपरमध्ये मिक्स करायला घ्यायचं, तर पहिली अडचण अशी की एका प्रोग्रॅमची सेशन फाइल दुसऱ्याला सहसा वाचता येत नाही. त्यावर रूढ झालेला उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य क्षणापासून शेवटपर्यंत सलग वेव्ह फाइल म्हणून काढायचा. हार्मोनियम तिसऱ्या मिनिटाला शिरत असली तरी तिच्या फाइलमध्ये आधीची शांतताही भरायची. पलीकडे सगळ्या फाइली एकाच रेषेवर लावल्या की गायिका, तबला, हार्मोनियम, तानपुरा पुन्हा एकत्र नांदू लागतात. फेडर, पॅन, इक्यू, कॉम्प्रेसर आणि रिव्हर्ब मात्र मागेच राहतात. तरीही आपण बिनदिक्कत म्हणतो, ‘गाणं आलं.’ हे म्हणणं कशाच्या आधारावर टिकतं, हा प्रश्न मला तांत्रिक वाटत नाही. देह बदलताना काय पुढे जातं, यावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतकं जो वाद घातला, त्याचीच ही छोटी आणि तपासून पाहता येण्याजोगी आवृत्ती आहे. माझ्या मते इथला पुरावा बौद्धांच्या बाजूने झुकतो.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद, म्हणजे इतिहासातला मिनँडर, भिक्खू नागसेनाला विचारतो की काहीच संक्रमित होत नसेल तर पुनर्जन्म कसा होतो. नागसेन दोन दाखले देतो: दिव्यावरून लावलेला दिवा आणि गुरूकडून शिकलेला श्लोक. दुसरा दाखला आपल्या विषयाला फारच जवळचा आहे. श्लोक शिष्याकडे येतो, पण गुरूकडून काही कमी होत नाही. कुठलीही वस्तू जागा सोडत नाही, फक्त कारणांची साखळी पुढे सरकते. ट्रॅक पाठवण्यातही हेच घडतं. मूळ फाइल जिथल्या तिथे असते आणि पलीकडे तिच्या आधाराने दुसरी निर्माण होते. ‘स्थलांतर’ हा आपला बोलण्यातला सोयीस्करपणा.

यावर सर्वांत भक्कम आक्षेप आकड्यांचा आहे. दोन्ही फाइली एकाच वेळी लावून एकीची पोलॅरिटी उलटी केली तर संपूर्ण शांतता मिळते. याला नल टेस्ट म्हणतात. एक नमुनाही वेगळा नाही हे त्यातून सिद्ध होतं. मग अविकारी असं काहीतरी पलीकडे गेलंच ना? नाही, कारण हे आकडे जसेच्या तसे राहूनही गाणं हरवू शकतं. तबल्याची फाइल 20 मिलिसेकंद मागे सरकवा. स्वतंत्रपणे तपासली तर ती अजूनही निर्दोष असते, पण ठेका गायिकेच्या मागे रेंगाळू लागतो. याहून बोलकं उदाहरण सॅम्पल रेटचं. 44,100 च्या वेगाने मुद्रित केलेली फाइल रूपांतर न करता 48,000 ने वाजवली, तर 4 मिनिटांचं गाणं 3 मिनिटं 40 सेकंदांत उरकतं आणि स्वर जवळजवळ दीड अर्धस्वराने चढतो. काळी एकमध्ये गायलेलं गाणं सफेद दोन आणि काळी दोनच्या मधोमध कुठेतरी लटकतं. सगळे ट्रॅक सारखेच चढलेले असल्यामुळे आपसांत सूर जुळलेलाच असतो. एकही आकडा बदललेला नसतो. बदललेला असतो तो ‘एका सेकंदात किती आकडे’ हा करार, आणि तो आकड्यांत नसतो. फाइलच्या मथळ्यात त्याची नोंद असते हे खरं, पण ती वाचणारा आणि मानणारा कुणीतरी पलीकडे असावा लागतो. अविकारी द्रव्य म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं, ते या कराराविना नुसता आकड्यांचा ढीग असतं.

नैयायिक इथे प्रत्यभिज्ञा पुढे करतील: पलीकडे ऐकणारा ‘हे तेच गाणं’ म्हणून ओळखतो, आणि ओळख एकत्वाशिवाय होत नाही. बौद्धांचं उत्तर कापून पुन्हा वाढलेल्या केसांचं आहे. तिथेही आपण ‘तेच केस’ म्हणतो, पण ते तसेच असतात, तेच नसतात. ओळख साम्यावरही भागते; शिवाय चढलेल्या स्वरातलं गाणंही श्रोता ओळखतोच. मग ओळखीवरून एकत्व सिद्ध करणं कठीणच.

आजचा आक्षेप वेगळा असेल: ही उणीव फाइल-स्वरूपांची आहे, तिला तत्त्वज्ञान कशाला? 2023 मध्ये बिटविग आणि प्रीसोनस यांनी डॉप्रोजेक्ट हे खुलं स्वरूप आणलं; त्यात टेम्पो, ऑटोमेशन, प्लगइनची स्थितीसुद्धा नेता येते. सोय मोठी आहे, आणि घरी काम करणाऱ्यांनी तिचं स्वागतच करावं. पण प्लगइनची स्थिती नेली तरी तोच प्लगइन पलीकडे बसवलेला असावा लागतो. नुसत्या फेडरचंही तसंच आहे. मध्यभागी ठेवलेला मोनो आवाज काही प्रोग्रॅम 3 डेसिबलने उतरवतात, काही उतरवत नाहीत. तेव्हा तोच आकडा वेगळा तोल देतो. परिपूर्ण स्वरूप म्हणजे अधिक तपशीलवार करार, एवढंच.

मिलिंदाची खरी धास्ती मात्र वेगळी होती. कुणीच पुढे जात नसेल तर केलेल्या कर्मातून माणूस सुटला का? नागसेन आंबेचोराचा दाखला देतो: चोरलेले आंबे म्हणजे मालकाने पेरलेले आंबे नव्हेत, तरी चोर सुटत नाही, कारण ते त्यांच्यातूनच आलेले असतात. मिक्सिंगमध्ये ‘तेच असणं’ आणि ‘त्यातूनच येणं’ यांतला भेद लख्ख दिसतो. मिक्स करणाऱ्याला जे सर्वांत ‘आपलं’ वाटतं, ते प्लगइनमधले निर्णय, तेच आधी गळून पडतं. आवाजातच मुरवून पाठवलेला रिव्हर्ब मात्र बरोबर येतो आणि काढू म्हटलं तरी स्वच्छ निघत नाही. मुद्रणाच्या वेळी गेन जास्त ठेवल्याने तारसप्तकातला एखादा स्वर फाटला, तर त्याची लाट माथ्यावर सपाट कापली गेलेली असते. त्यानंतर ती फाइल क्यूबेसमध्ये उघडा, लॉजिकमध्ये उघडा, आर्डरमध्ये उघडा. फेडर खाली ओढला तर फाटलेला स्वर हळू ऐकू येईल, पण फाटलेलाच.