स्मार्ट घर आणि अडीच फुटी दरवाजा

यंदाच्या उन्हाळ्यात पुण्यातल्या एका परिसंवादात एका तंत्रज्ञ वक्त्यांनी जाहीर करून टाकलं की, येत्या दहा वर्षांत अपंग माणसाला घरात मदतनीस लागणारच नाही. दिवा, पंखा, पडदा, दाराची कडी सगळं आवाजावर चालेल; उरलंसुरलं यंत्रमानव बघेल. अपंग माणूस अखेर कुणावरही अवलंबून राहणार नाही! टाळ्या पडल्या. सभागृहाला पायऱ्या होत्या, रॅम्प नव्हता. त्यामुळे ज्यांच्याविषयी हे चाललं होतं, त्यांतलं व्हीलचेअरवरचं कुणी टाळ्या वाजवायला हजर नव्हतं.

कुणावरही अवलंबून नसणं हीच स्वातंत्र्याची कसोटी असेल, तर वक्ते महाशय पहिल्याच फेरीत बाद होतात. स्वयंपाकाच्या बाई, इस्त्रीवाला आणि ड्रायव्हर एकाच दिवशी गावाला गेले, तर ते मंचावर किती वाजता पोचतील? तरी त्यांना परावलंबी म्हणायची कुणाची प्राज्ञा नाही. कारण पोळ्या दुसरं कुणी लाटत असलं, तरी आज पोळ्या की भात, हे तेच सांगतात.

अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्‌सला हे साठ वर्षांपूर्वी उमगलं होतं. 1953 साली, चौदाव्या वर्षी त्याला पोलिओ झाला आणि मानेखालचं शरीर जवळजवळ निकामी झालं. झोपताना आयर्न लंग लागायचं, म्हणजे माणसाला गळ्यापर्यंत आत घेऊन श्वास चालू ठेवणारं लोखंडी पिंप. 1962 मध्ये तो बर्कलेच्या विद्यापीठात शिकायला गेला. तेवढं धूड कुठल्याच वसतिगृहात मावेना, म्हणून त्याची सोय आवारातल्या कॉवेल रुग्णालयात झाली. मागोमाग आणखी काही अपंग विद्यार्थी तिथे राहायला आले आणि स्वतःला ‘रोलिंग क्वाड्स’ म्हणवून घेऊ लागले. मदतनिसांचा पगार सरकारी तिजोरीतून व्हायचा. पण कुणाला नेमायचं, काय शिकवायचं आणि नीट वागला नाही तर घरी कधी पाठवायचं, हे ही मुलं ठरवत. याच मंडळींच्या धडपडीतून 1972 मध्ये बर्कलेत ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभं राहिलं. ‘याला नोकरी कोण देणार’ म्हणून ज्या सरकारी पुनर्वसन खात्याने आधी रॉबर्ट्‌सच्या शिक्षणाला पैसे नाकारले होते, त्याच खात्याचा तो पुढे संचालक झाला. शर्ट स्वतःच्या हाताने घालता आलाच पाहिजे, असा त्याचा हट्ट कधीच नव्हता. कोणता घालायचा आणि घालून कुठे जायचं, ते ठरवण्याचा मात्र होता.

(हे पाश्चात्त्य खूळ आहे असं म्हणणाऱ्यांसाठी: नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही अपंगांसाठीची संस्था 1984 मध्ये सुरू केली, तेव्हा त्या स्वतः व्हीलचेअरवरच होत्या.)

इथवर येऊन ‘यंत्र नको, माणूस हवा’ असा निकाल देऊन मी मोकळा झालो असतो. पण रॉबर्ट्‌सच आडवा येतो. विजेवरची खुर्ची याला चालवता यायची नाही, असं त्याला सांगण्यात आलं होतं. मग तो प्रेमात पडला. खुर्ची ढकलायला मदतनीस, म्हणजे प्रेयसीशी गुजगोष्टी करायच्या त्याही मदतनिसाच्या साक्षीने! रॉबर्ट्‌सने खुर्चीची कळ आपल्याला जमेल तशी बदलून घेतली आणि ती चालवायला शिकला.

माणसाची मदत यंत्रापेक्षा नेहमीच मायेची असते, हा धडधाकट लेखकमंडळींचा लाडका समज आहे. आपल्या घरात ती माया कशी पोचते? रात्री दोनला कूस बदलायची असते आणि दिवसभर राबलेली आई शेजारी नुकती झोपलेली असते. पाण्याच्या ग्लासाबरोबर एक उसासा येतो. ‘आत्ताच तर गेला होतात ना संडासला?’ यंत्र असं विचारत नाही. त्याला नंतर आभार मानून खूश ठेवावं लागत नाही. दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांच्या कामातून उभी राहिलेली एनव्हीडीए ही प्रणाली संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवते, तीही फुकट, मराठीसुद्धा वाचते. तिच्यामुळे बँकेतली शिल्लक पुतण्याला न विचारता कळते. पुतण्याला काय कळू नये, हे ठरवता येणं ही लहान गोष्ट नाही.

म्हणून वक्त्यांशी माझं भांडण यंत्रावरून नाही, हुकूम कुणाचा चालणार यावरून आहे. चाळिशीच्या अपंग बहिणीच्या खोलीत भाऊ काळजीपोटी कॅमेरा बसवतो आणि चित्र दिसतं ते भावाच्या मोबाइलवर. पासवर्ड त्याचा, कॅमेरा बंद करायची सोय त्याच्याकडे. हेही ‘स्मार्ट’ घरच. आणि कधी यंत्र स्वतःच साहेब होतं. ॲसिडहल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या स्त्रीला बँकेच्या डिजिटल केवायसीत फर्मान सुटतं: कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटा! हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावं लागलं. डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निकाल 30 एप्रिल 2025 रोजी लागला, तेव्हा कुठे ही प्रक्रिया बदलण्याचे आदेश निघाले.

आता वक्त्यांच्या स्मार्ट घरात जरा आत जाऊ. दिवा आवाजावर लागला, पडदा सरकला. व्हीलचेअर बाथरूमपाशी आली. दरवाजा अडीच फुटांचा, त्यातून चौकट आणि पुरतं न उघडणारं दार वजा. चाकं फिरवणारे हात चौकटीवर घासतात. पुढे पाणी बाहेर येऊ नये म्हणून बसवलेली दगडी पट्टी. पुढची लहान चाकं तिथेच अडतात. आवाजी आज्ञा देऊन पट्टी हलत नाही, गवंडी बोलवावा लागतो. इमारतीच्या तळाशी तीन पायऱ्या, म्हणजे साधारण दीड फूट. फूटभर चढायला बारा फूट उतार हवा, या हिशेबाने रॅम्पला अठरा फूट जागा लागते. दुकानात मिळणाऱ्या कुठल्याही उपकरणापेक्षा हे काम जुनं आणि कंटाळवाणं आहे. त्याचं उद्घाटन करायला पाहुणे येत नाहीत.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं पाचवं कलम समाजात राहण्याचा हक्क देतं. अमुकच ठिकाणी राहा, अशी सक्ती अपंग माणसावर होऊ नये आणि त्याला मिळणाऱ्या साहाय्यात वैयक्तिक मदतनीसही असावा, यासाठी सरकारने प्रयत्न करावेत, असं त्यात लिहिलेलं आहे. यंत्रमानव यायचा तेव्हा येवो. ज्याला हवा त्याला पगारी मदतनीस मिळावा, त्याचे पैसे सरकारने द्यावेत आणि त्याला नेमण्या-काढण्याचा अधिकार अपंग माणसाच्या हाती असावा, ही मागणी आजची आहे. रॅम्पचं मात्र सरकारवर ढकलू नका. आपल्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेसाठी तो विषय लेखी द्या. पार्किंगची एक जागा जाते अशी तक्रार येईलच. ती कुणाची, तेवढं इतिवृत्तात नोंदवून घ्या.