ओले लाकूड, सुके लाकूड



चर्चच्या मुख्य दरवाजासाठी आणलेला साग व्हरांड्यात नुसता पडून का आहे, असे गेले काही रविवार मिस्सानंतर विचारले जात आहे. ज्यांनी वर्गणी दिली त्यांनी विचारणे योग्यच. १९ मार्चला, संत योसेफाच्या सणाला, नवे दार उघडावे ही आपणां सर्वांचीच इच्छा होती. परंतु सुताराने फळ्यांना हात लावण्यास नकार दिला आहे. एक पावसाळा आणि त्यापुढचा हिवाळा जाऊ द्या, असे तो म्हणतो. आमच्या मते त्याचे म्हणणे बरोबर आहे.

आपण लाकडाच्या मुलखातील माणसे आहोत. आलापल्लीचा साग आणि बल्लारपूरचा डेपो आपल्याला कोणी सांगायला नको. मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान रवाना झाले, हे आपण पाहिलेच. आपल्यातील काहींचे आयुष्य आरामशीनवर गेले. तरीही सागाचे दार म्हटले की ते कधी बिघडणारच नाही, अशी आपली समजूत असते. नाव सागाचे असले तरी टिकतो तो त्याचा गाभा. सालीलगतच्या पांढऱ्या भागाला वाळवी आणि भुंगा सहज लागतो.

ताज्या लाकडात पाणी भरलेले असते. पोकळ्यांतील मोकळे पाणी आधी जाते, तोपर्यंत फळी आकसत नाही. ओलावा साधारण तीस टक्क्यांच्या खाली उतरला की पेशींच्या भिंतींतील पाणी निघू लागते आणि खरा आकस सुरू होतो. लांबी जवळजवळ तेवढीच राहते. मात्र वर्तुळांच्या दिशेने लाकूड आडव्यापेक्षा सुमारे दुप्पट आकसते. म्हणून फळीला पीळ बसतो, ती वाकते, तडकते. घाईने कडक उन्हात ठेवली तर वरचा थर सुकून आवळतो, आतले ओलेच राहते, आणि वरून भेगा पडतात. फळीची टोके सर्वांत लवकर सुकतात, म्हणून त्यांना मेण किंवा रंग लावतात. आणि फळी दुप्पट जाड असेल तर वेळ दुपटीहून अधिक लागतो.

येशूने जेरुसलेमच्या स्त्रियांना ओल्या आणि सुक्या लाकडाविषयी सांगितले होते, पण तेथे अर्थ निराळा आहे. तो येथे ओढून आणू नये. आम्हाला आठवतो तो नाझरेथचा काळ. कार्याला आरंभ केला तेव्हा प्रभू सुमारे तीस वर्षांचा होता, असे संत लूक सांगतो. तोवरची बहुतेक वर्षे सुताराच्या घरी, कोणाच्या फारशी नजरेत न येता गेली. संत पौलही नवशिक्या माणसाला मंडळीचा अधिकारी करू नका, असे तीमथ्याला बजावतो.

आता आपल्या घरांकडे पाहू. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदी असो वा नसो, बाटली आपल्या काही घरांत पोहोचतेच. एखादा भाऊ दारू सोडतो. आपल्याला इतका आनंद होतो की दुसऱ्याच महिन्यात त्याला व्यासपीठावर उभे करून साक्ष द्यायला लावतो, समितीत घेतो, सणाचा हिशेब त्याच्या हाती देतो. मग घरात पहिला मोठा खटका उडतो आणि तो पुन्हा गुत्त्यावर दिसतो. लगेच आपण म्हणतो, त्याचे परिवर्तन खोटेच होते. लाकूड चांगले होते, बंधूंनो; आपण ते उन्हात टाकले.

ओले लाकूड जमिनीवर टाकून विसरून गेले तरी ते जाते. बुरशी लागते, वाळवी चढते. त्याची थप्पी सावलीत, जमिनीपासून उंच लावतात. दोन फळ्यांमध्ये आडव्या पट्ट्या घालतात, म्हणजे वारा खेळतो. वर वजन ठेवतात, म्हणजे फळी वाकत नाही. सावरणाऱ्या माणसालाही रोजचे काम, ठरलेल्या वेळी भेटणारी माणसे आणि थोडी जबाबदारी लागते. पत्नीने मार खात वाट पाहावी, असा याचा अर्थ मुळीच नाही. तसे होत असेल तर त्या भगिनीने मुलांसह आधी सुरक्षित ठिकाणी जावे आणि आपण तिला साथ द्यावी.

थप्पीवर ठेवलेले दगड कृपया कोणी काढू नयेत, मुलांनी त्यावर चढू नये, ओल्या छत्र्या तेथे टेकवू नयेत. दारू सोडू पाहणारे भाऊ शनिवारी संध्याकाळी धर्मशिक्षणाच्या मागच्या खोलीत बसतात. तेथे भाषणे नसतात, चहा असतो. ज्यांना जमेल त्यांनी दूध आणून द्यावे.