खिडकी काढण्यापूर्वी

जुनी खिडकी काढून तिथे सरकत्या काचेचं दार बसवायचं ठरलं असेल, तर माप घ्यायला येणाऱ्याला अजून आठवडाभर थांबवा. त्या आठवड्यातला एक सुट्टीचा दिवस खिडकीला द्या. सकाळी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसा. फोन आतल्या खोलीत राहू दे. चहा चालेल.

माझ्या मनासमोर आहे ती दादर-माटुंग्याच्या जुन्या तीन-चार मजली इमारतींतली खिडकी. सागवानी चौकट, त्यात उभे लोखंडी गज, आणि चार झडपा, दोन वर, दोन खाली. वरच्या झडपांना काचेची तावदानं, खालच्यांना लाकडी फळी नाही तर दुधी काच. तुमची खिडकी निराळी असेल, पेठेतल्या वाड्याची किंवा कोकणातल्या माडीची. जी आहे ती पाहा.

आधी तावदानातून बाहेर पाहू नका, तावदानच पाहा. काचेच्या कडेने लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली दिसेल. जिथे ऊन लागतं तिथे ती वाळून तडकलेली असते, बोटाने दाबली की भुगा पडतो. आता मान सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. समोरच्या गच्चीची कड एका तावदानात किंचित लहरते, शेजारच्या तावदानात मात्र सरळच राहते. लहरते ती जुनी काच. वितळलेल्या काचेतून पत्रा ओढून काढत, त्या ओढीची खूण तिच्यात राहिली आहे. सरळ दाखवते ती मागाहून बसवलेली फ्लोट काच, वितळलेल्या कथलावर काचेचा रस पसरून केलेली. पिल्किंग्टन कंपनीने ही रीत १९५९ मध्ये जाहीर केली आणि आपल्याकडे असे कारखाने १९९० च्या दशकात उभे राहिले, त्यातला एक तळोज्याला. जुनी काच वर्षानुवर्षं खाली ओघळत आली म्हणून लहरते, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बसवली त्या दिवशीही ती अशीच होती. मला ते लहरणं आवडतं. झाडाची फांदी त्यातून पाहिली की वारा नसतानाही हलल्यासारखी वाटते.

तावदानं इतकी लहान का, हाही विचार मनात येऊ द्या. मोठी काच महाग होती, सांभाळून आणणं कठीण होतं. आणि मुलांच्या चेंडूने फुटलीच तर तेवढं एक तावदान बदललं की काम झालं. दुरुस्तीची सोय सुताराने घडवतानाच करून ठेवली होती.

आता उठा आणि एकेक झडप हाताळा. घाई नको, इथेच खरं पाहण्यासारखं आहे.

खालच्या दोन्ही झडपा लावा, वरच्या उघड्या ठेवा, आणि पुन्हा खुर्चीत बसा. उजेड येतो आहे. वाराही येतो आहे. समोरच्या गॅलरीतून कुणी पाहिलं तर त्याला छत आणि पंखा दिसेल, तुम्ही दिसणार नाही. कितीएक बायकांनी अशा खोलीत दिवसाउजेडी कपडे बदलले, तान्ह्या मुलांना पाजलं, कुणी पाहू नये म्हणून रडूनही घेतलं. आता उलट करा. वरच्या लावा, खालच्या उघडा, आणि जमिनीवर बसून पाहा. तांदूळ निवडणाऱ्या आजीच्या तोंडावर यायचा तो वारा असा येतो. मग एकच वरची झडप उघडी ठेवून बाकी सगळं बंद करा. मे महिन्यात जेवणं झाल्यावर आडवं व्हायची खोली अशी होते. बंद, तरी न कोंदलेली. छताशी साठलेली गरम हवा त्या एका झडपेतून निघून जाते.

बाहेरून येणाऱ्या तीन गोष्टी या खिडकीने एकमेकींपासून सुट्या केल्या होत्या: उजेड, वारा आणि लोकांची नजर. कुठली किती घ्यायची हे घरातली माणसं दिवसातून चारदा ठरवत, आणि आपण काही ठरवतो आहोत हे त्यांच्या ध्यानातही नसे. काचेच्या मोठ्या दारातून उजेड आणि नजर दोन्ही एकदमच येतात. एक नको म्हटलं की पडदा ओढायचा, मग दुसरंही जातं. वाऱ्याचं म्हणाल, तर दोन पल्ल्यांचं सरकतं दार पूर्ण उघडलं तरी अर्धंच उघडतं, कारण एक पल्ला दुसऱ्याच्या मागे जाऊन उभा राहतो. जुन्या खिडकीच्या चारही झडपा भिंतीला टेकतात आणि सगळी चौकट मोकळी होते.

गजांना हात लावा. रंगाचे थर चढून ते जाड झाले असतील. गज कुरूप दिसतात म्हणून काढून टाकावेसे वाटतात, मलाही ते समजतं. पण रात्री काय होतं ते आठवा. गज होते म्हणून खिडकी उघडी टाकून घर झोपत असे. काचेचं दार रात्री बंदच करावं लागतं. खोलीतली हवा बंद, मग एसी लावायचा. दार विकत घेताना या रात्रींचा हिशेब कुणी करत नाही, तो तुम्ही करा.

मुंबईच्या या खिडकीमागे एक मोठं दुःखही आहे. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत रोग वाढतो अशी तेव्हाची समजूत होती. ऊन आत यावं म्हणून सरकारी माणसांनी लोकांच्या घरांची कौलं उतरवली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पुरतं उलगडायला अजून वेळ होता. १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती त्याने आखल्या. इमारतींमधलं अंतर आणि त्यांची उंची यांचं प्रमाण त्याने ठरवलं, ते खालच्या मजल्यावरच्या खोलीतही उजेड पोचावा म्हणून. चांगल्या घराची खूण म्हणून उजेड आणि वारा मागणं हे या शहराने अनेक माणसं गमावून शिकलेलं आहे. तेव्हा मोठ्या काचेची तुमची हौस उथळ आहे असं मी म्हणणार नाही. ती त्याच मागणीच्या पुढची पायरी आहे.

दुपारी त्या खोलीतल्या पलंगावर आडवे व्हा. अगदी उशीवर डोकं टेकून खिडकीकडे पाहा. खिडकीची खालची कड जमिनीपासून तीनेक फुटांवर असेल, तर तुम्हाला आभाळाचा तुकडा दिसेल, फार तर एखादी तार. रस्ता, माणसं, भाजीची गाडी, शाळेतून परतणारी मुलं, काही नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं जग एवढंच असतं. हे एकदा स्वतः पडून पाहिलं की काचेच्या दाराबद्दलचं मत बदलतं. घरात कुणी आजारी किंवा म्हातारं माणूस दिवसभर पडून असेल, तर भिंतीचा तो तीन फुटांचा भाग काढा आणि जमिनीपर्यंत काच लावा. त्या माणसाला रस्ता मिळू दे. तिथे मी जुन्या सागवानाची बाजू अजिबात घेणार नाही.

चारच्या सुमारास ऊन कुठे आहे ते पाहा. खिडकी पश्चिमेची असेल तर ते तिरपं होऊन खोलीत खोलवर शिरलेलं असेल. ते जिथे पडलं आहे तिथली फरशी तळहाताने चाचपा. ऊन काचेतून सहज आत येतं, पण तापलेली फरशी आणि भिंती जी उष्णता सोडतात ती त्याच काचेतून तशी बाहेर जात नाही. खिडकीच्या जागी सात फूट उंच काच आली की हे किती पटीने वाढेल, ते भिंतीवर डोळ्यांनीच मोजून घ्या. आतला पडदा इथे कमी पडतो, कारण पडद्यापर्यंत आलं ते ऊन घरात आलेलंच असतं. सावली हवी ती काचेच्या बाहेर: छज्जा, बांबूची चटई, झाड. लाकडी झडप हेच काम निमूट करत होती.

पावसाचं थोडक्यात सांगतो. मुंबई-कोकणात झड येते ती बहुतेक पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून. लाकूड फुगतं, झडप लागत नाही, खांद्याने रेटावी लागते. याला कंटाळून लोक खिडकी बदलतात आणि ते रास्त आहे. ॲल्युमिनियम फुगत नाही. पण त्याच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी साचतं. ते बाहेर जायला भोकं ठेवली आहेत का, ते विचारा. ती भोकं धुळीने बुजली की पाणी घरात येतं.

एवढं सगळं पाहून झालं की मग माप घेणाऱ्याला बोलवा. आता काय मागायचं ते तुम्हाला माहीत आहे. दाराच्या वर गजांची एक उघडणारी झडप मागा, रात्री उघडी ठेवता येईल अशी. मच्छरजाळीसाठी तिसरा ट्रॅक मागा. काच टफन्डच हवी. फुटली तर तिचे बारीक, बोथट तुकडे होतात, सुऱ्यांसारखे सुळके होत नाहीत. ती कारखान्यातून आल्यावर कापता येत नाही, म्हणून माप दोनदा घ्यायला लावा. आठ मिलिमीटर काचेचा चार बाय सात फुटांचा पल्ला पन्नास किलोच्या आसपास भरतो. रोलर त्या वजनाचे आहेत ना आणि घरातल्या सर्वांत अशक्त हाताला तो सरकतो ना, हे पैसे देण्याआधी पाहा. चौकट रुंद करायची असेल तर वरच्या भिंतीचा भार कशावर आहे ते इंजिनीअरला दाखवल्याशिवाय हातोडा लावू देऊ नका. पुष्कळ जुन्या इमारतींत भिंतच भार पेलत असते. सोसायटीची लेखी परवानगीही आधीच घ्या.

आणि माझं मत विचाराल तर असं: खिडकी पश्चिमेची असेल, चौकट किडलेली नसेल आणि त्या खोलीत कुणी पडून नसेल, तर ती काढू नका. लांबी नवी भरून घ्या, फुगलेल्या झडपांना रंधा मारून घ्या, बिजागऱ्यांना तेल द्या. वाचलेले पैसे ज्या खोलीत घरातलं माणूस दिवसभर पडून असतं, त्या खोलीच्या काचेवर घाला.