निरोपाची मेजवानी आणि अठराशें रुपये

सीताबर्डी हें नांव आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. कोणी लग्नाचें कापड घेण्यास, कोणी चष्म्यासाठीं, कोणी मुलाच्या प्रवेशाचे कागद काढण्यास तेथें गेलेले असतात. 1817 सालच्या नोव्हेंबरांत ज्या टेकडीवर भोंसल्यांचें सैन्य व कंपनीची फौज यांची लढाई झाली, तिच्यापासून जवळच आज मेट्रोचे दोन मार्ग एकमेकांस छेदतात, आणि संध्याकाळीं बाजाराच्या रस्त्यावर खांद्यास खांदा लागल्यावांचून पाऊल पुढें पडत नाहीं. ह्या गर्दीच्या वर, एका हॉटेलाच्या थंडगार दिवाणखान्यांत, महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनीं आपला निरोपसमारंभ ठरविला. त्यावरून एका खेड्यांतील मंडळीच्या घरांत जो प्रश्न उत्पन्न झाला, तो आज वाचकांपुढें ठेवितों.

पूर्वीं अशा प्रसंगीं गॅदरिंग होई. महाविद्यालयाच्याच सभागृहांत एखादें नाटुकलें, दोन गाणीं, गुरुजनांचीं भाषणें (तीं लांबत, हें कबूल केलें पाहिजे), आणि कागदाच्या बशींत चिवडा. आतां अमेरिकेंतील विद्यालयांची प्रॉम नांवाची रीत चित्रपटांच्या व मोबाईलच्या वाटेनें आमच्याकडे आली आहे. मुलांनीं कोट व टाय घालावा, मुलींनीं भारी साडी किंवा पायघोळ झगा. आधीं जेवण, मग दिवे मंद करून नाच. वर्गणी माणशीं अठराशें रुपये.

मुलीचा बाप उपासना आटोपल्यावर आमच्याकडे आला. कोरडवाहू तीन एकर जमीन, आणि हंगामांत दुसऱ्याच्या शेतांत कापूस वेंचणें, एवढीच त्याची मिळकत. त्यानें पैशांचा शब्दहि काढिला नाहीं. तो म्हणाला, “साहेब, तिथं नाच आहे म्हणते पोरगी. जाऊ द्यावं का?”

आमच्या मंडळ्यांतील वृद्ध माणसें नाच हा शब्द ऐकतांच कां दचकतात, हें तरुणांनीं समजून घेतलें पाहिजे. आमचे पणजे ख्रिस्ती झाले त्या काळीं नाच म्हणजे पैसेवाल्यांच्या बैठकींत पोटासाठीं उभी केलेली बाई, हाच अर्थ त्यांच्या मनांत असे. 1892-93 च्या सुमारास मद्रासेंत अशा बैठकींवर बहिष्कार घालण्याची चळवळ सुरू झाली. मुंबई इलाख्यांत देवदासींच्या रक्षणाचा कायदा होण्यास 1934 साल उजाडावें लागलें. तेव्हां तो धाक आंधळा नव्हता. परंतु ज्या गोष्टीचा त्यांस धाक होता ती बाईची विक्री होती. केवळ पाय तालावर पडणें नव्हे. गडचिरोलीच्या रानांत गोंड व माडिया तरुण-तरुणी हातांत हात गुंफून रेला नाचतात, त्यांस कोण विकत घेतो? आमच्या नागपुरांत काम करून 1863 सालीं बुडून मरण पावलेले रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप ह्यांनीं गोंडांचें लिंगोचें गीत आस्थेनें लिहून घेतलें होतें. त्यांच्या मागें 1866 सालीं सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं तें छापून काढिलें. शास्त्रांतहि दोन्ही प्रकार आहेत. हेरोदाच्या वाढदिवशींच्या नाचाची किंमत एका संदेष्ट्याच्या शिरानें चुकली. आणि उधळ्या पुत्राच्या बापाच्या घरींहि त्या रात्रीं वाद्यें वाजत होतीं व लोक नाचत होते. म्हणून आम्हीं त्या बापास सांगितलें कीं, नाचाचें भय बाळगूं नये. (मंद दिव्यांविषयीं आमचें मत इतकें उदार नाहीं, पण तें असो.)

तथापि मुलीस आम्हीं जें पत्र लिहिलें त्यांत ‘जाऊं नकोस’ असेंच लिहिलें. कारण निराळें दिलें. एका संध्याकाळीसाठीं बापाच्या चार-पांच दिवसांच्या मजुरीइतका पैसा घालविणें, मैत्रिणीची साडी अंगावर घेऊन आपण नाहीं तें दिसणें, हें बरें नव्हे. साधेपणा हा आपला दागिना आहे, वगैरे. तिची आई बकरीचें पिलूं विकावयास निघाली होती, हेंहि आमच्या कानीं आलें होतें. पत्र लिहून आमचें समाधान झालें.

मुलीनें ऐकलें. ती गेली नाहीं. पण पंधरा दिवसांनीं तिचें उत्तर आलें, आणि तेव्हांपासून आमचें तें समाधान राहिलें नाहीं. ती लिहिते कीं, तुम्ही ह्याला साधेपणा म्हणतां, परंतु माझ्याजवळ पैसे असते तर मी गेलें असतें. जें माझ्या हातींच नव्हतें तें मीं सोडलें असें कसें म्हणावें? पुढें तिनें लिहिलें आहे कीं, वर्गांत मीं गांवीं लग्न असल्याचें सांगितलें. आणखी सहा जणांनींहि कांहीं ना कांहीं सांगितलें. त्या एका आठवड्यांत तिघांच्या आज्या आजारी पडल्या. एका सधन मुलानें मोबाईलवरील वर्गाच्या गटांत जाहीर केलें कीं, ज्यांस जमत नाहीं त्यांची वर्गणी मी भरतों, त्यांनीं नांवें द्यावीं. एकानेंहि नांव दिलें नाहीं. त्या रात्रीं वसतिगृहांत मागें राहिलेल्या तिघी मुलींनीं खिचडी केली आणि दिवा लवकर मालविला.

त्या मुलाचें मन चांगलें होतें, ह्यांत आम्हांस शंका नाहीं. पण चौसष्ट जणांदेखत हात वर करून घेतलेली मदत ही घेणारास अठराशें रुपयांहून महाग पडते.

कोणी म्हणतील, ज्यांस परवडतें त्यांनीं दुसऱ्यांस परवडत नाहीं म्हणून आनंद करूंच नये काय? हा आक्षेप खोटा नाहीं. आपल्या घरच्या वाढदिवसास कोणास बोलवावें हें ज्याचें त्यानें ठरवावें. त्यांत न बोलाविलेल्याचा अपमान नाहीं. परंतु वर्ग हा कोणाच्या थैलीवर जमलेला नसतो. हजेरीपटावर एकाखालीं एक नांवें आलीं, तीन वर्षें एका बाकावर बसलीं, एकमेकांच्या वह्या उतरून घेतल्या. त्या सर्वांचा निरोप हा त्या सर्वांचा हक्क होता. त्यास दारावर किंमत लावितांच कांहींजण आधींच निरोप घेऊन गेले, आणि तोहि खोटें बोलून. त्या खोट्याचा दोष आम्ही त्या मुलीच्या एकटीच्या पदरीं घालूं शकत नाहीं. ‘पैसे नाहींत’ हे दोन शब्द खेड्यांत उच्चारावे लागत नाहींत. कोणाच्या शेतांत किती कापूस निघाला हें साऱ्या गांवास ठाऊक असतें. सीताबर्डीस ते तोंडानें बोलावे लागतात.

करिंथ येथील मंडळीस पौलानें ह्याच गोष्टीसाठीं दोष दिला होता. एकत्र जेवणाच्या वेळीं कोणी आधींच तृप्त होत आणि कोणी उपाशी बसत. तेथें प्रेषितानें उपाशी बसणारांस संतोष मानण्याचा उपदेश केला नाहीं; ज्यांच्या टोपल्या भरलेल्या होत्या त्यांस त्यानें खडसाविलें. हा अध्याय आम्हीं किती वेळां वाचला व वाचून दाखविला असेल! आणि पत्र लिहिण्याची वेळ आली तेव्हां तें कोणाच्या पत्त्यावर गेलें? ज्यांनीं दर ठरविला, ज्या आईबापांनीं तो विचार न करितां दिला, ज्या गुरुजनांनीं व्यासपीठावर बसून जेवण स्वीकारिलें, त्यांपैकीं कोणासहि आम्हीं एक ओळ लिहिली नाहीं. गरिबास लिहिणें सोपें होतें. तो उलट विचारणार नाहीं असें आम्ही धरून चाललों होतों.

मुलीच्या पत्रास आम्हीं अद्याप उत्तर दिलेलें नाहीं. तिनें जावयास हवें होतें काय, हें आम्हांस आजहि निश्चित सांगतां येत नाहीं. आईनें पिलूं विकून ती गेली असती तर तेंहि आम्हांस आवडलें नसतें. मात्र पुढल्या वर्षीं तिचा धाकटा भाऊ त्याच महाविद्यालयांत जाणार आहे, आणि तेथील एका परिचित प्राध्यापकांस आम्हीं ह्या आठवड्यांत पत्र टाकिलें आहे कीं, निरोपाचा समारंभ सभागृहांत, सर्वांस झेपेल अशा खर्चानें, व्हावा.

गेल्या रविवारीं तिचा बाप पुन्हा भेटला. वर्गाचें छायाचित्र काढलें असेल, तें मोठें करून भिंतीवर लावावें अशी त्याची इच्छा आहे. त्याच्या घरांतून महाविद्यालयांत गेलेली ती पहिलीच. छायाचित्र काढलें आहे, आणि तें आम्हीं पाहिलेंहि आहे. तें हॉटेलांत काढलें. त्यांत सत्तावन्न मुलें आहेत.