कार्ल्याच्या ओसरीत

एकवीरा आईचं दर्शन झालं आहे. तुमची आई पायऱ्या चढून दमली आहे. तिला शेजारच्या लेण्याच्या ओसरीत बसवा, तुम्हीही बसा. तिचा एक चांगला फोटो काढायचा आहे, पण फोन अजून खिशातच राहू द्या.

एक श्वास सोडा. नुसता उजेड बघा.

या चैत्यलेण्याचं तोंड पश्चिमेला. सकाळी ऊन डोंगराच्या पाठीशी अडतं आणि समोरून येतो तो फक्त आभाळाचा उजेड. भिंतीवरच्या दगडी जोडप्यांकडे पाहा. गालावरून सावली हनुवटीकडे उतरते, मध्ये कुठे तुटत नाही. सुमारे दोन हजार वर्षं ही माणसं याच उजेडात उभी आहेत. (बेडसे लेण्याचं तोंड पूर्वेला, तिथे दुपारनंतर जावं.)

आता आईच्या डोळ्यांत पाहा. बाहेरच्या आभाळाचा पांढरा ठिपका दिसतो? नसेल तर तिला दोन पावलं पुढे, उजेडाकडे घ्या. पावसाळ्यात मावळावर ढग टेकलेले असतात तेव्हा उघड्यावर उजेड वरूनच गळतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. तेव्हाही डोक्यावर छप्पर आणि समोर आभाळ, अशीच जागा बरी. कोणाच्याही घराची पडवी चालते.

मग उठा आणि मागे सरका. आणखी थोडे. चार-पाच पावलं. फोन चेहऱ्याजवळ नेला की नाक भिंगाला फार जवळ आणि कान त्या मानाने लांब पडतात. नाक फुगतं, कान आक्रसतात. दोष भिंगाला देतात, पण तो अंतराचा. लांबून, दुप्पट झूम लावून पाहा. चेहरा जागेवर येतो.

फोन तिच्या डोळ्यांच्या रेषेत धरा, हवं तर बोटभर वर. खांदे किंचित तिरपे. ‘हनुवटी वर कर’ असं आपण सगळेच सांगतो आणि नाकपुड्यांचा फोटो काढतो. त्याऐवजी देवळातलं कासव आठवा. मान थोडी पुढे, मग हनुवटी जराशी खाली. बाजूने विचित्र वाटेल, फोटोत जबड्याची रेघ स्वच्छ उमटेल.

‘हस’ म्हणू नका. म्हणा, “आई, डोळे मीट. श्वास सोड. सुटला की उघड.”

थांबा. पापण्या उघडताना चेहऱ्यावर अजून कोणासाठी काही मांडलेलं नसतं. जवळच्या डोळ्यावर फोकस ठेवून आता बोट टेका. एकदा. मग पुन्हा एकदा, कारण पहिल्या वेळी तुमचाच हात हलला असणार.

ती विचारेल, “कशी दिसते?” लगेच दाखवू नका. तिला आत न्या. सुमारे पंचेचाळीस मीटर लांबीच्या त्या दालनात, दारावरच्या पिंपळपानी कमानीतून आलेला उजेड स्तूपापर्यंत जाता जाता किती मंदावतो, ते दोघांनी उभं राहून पाहा.