पाण्यावरची सुट्टी

शेतकऱ्याला सुट्टी असते का असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, असते, पण ती कुणी देत नाही, ती पडते. पाऊस झाला की वापसा येईपर्यंत सुट्टी. डीपी जळाला की सुट्टी. भावकीत कुणी गेलं की दहाव्यापर्यंत सुट्टी. आषाढीची वारी सोडली तर मोकळ्या पायानं घर सोडल्याचं मला आठवत नाही. आणि वारी तरी कुठं मोकळी? तीही देवाच्या नावावर मंजूर करून घेतलेली रजाच.

२०२४ च्या मार्चमध्ये अशीच एक सुट्टी पडली. आदल्या साली पावसानं पाठ फिरवलेली. उजनी धरण साठ टक्क्यांच्या आसपास भरलं आणि जानेवारीतच मायनसमध्ये गेलं. लांबच्या वाचकाला हा शब्द कळायचा नाही म्हणून सांगतो. उजनीत पुरं भरल्यावर ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा. वापरायचं पाणी संपून मृतसाठ्याला हात लागला की आम्ही म्हणतो, धरण मायनसमध्ये गेलं. सोलापूर जिल्ह्यात पोराटोरांनाही हे गणित येतं. कालव्याची पाळी मिळणार नाही हे कळलं तसा निम्मा ऊस मी डोळ्यांदेखत सोडून दिला. विहिरीचं पाणी अर्ध्या तासात संपायचं. उरलेला दिवस बांधावर बसून काढायचा.

आम्ही चौघं शाळेपासूनचे. १९७५ ची दहावी, म्हणजे अकरावीची मॅट्रिक बंद होऊन नवी दहावी आली तिची पहिली बॅच. चौघांत एक एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर, एक मास्तर, एक सोसायटीचा माजी सेक्रेटरी, आणि चौथा मी, शिक्षण तिथंच थांबलेला. कंडक्टरच्या पोरानं त्याला मोबाइलवर भिगवणच्या फ्लेमिंगोंचा व्हिडिओ पाठवला होता. तो म्हणाला, "पाणी आपल्याकडं येत न्हाई, तर आपण पाण्याकडं जाऊ. बोटीत बसू, मासं खाऊ, संध्याकाळी माघारी." घरात सांगितल्यावर आमची मंडळी म्हणाली, "ऊस वाळतोय आन् तुम्ही बोटीत बसणार?" ऊस मी घरी बसलो तरी वाळणारच होता, पण हे मी बोललो नाही.

टेंभुर्णीवरनं हायवेला लागलो. वाटेत पळसदेवला थांबलो. पळसनाथाचं जुनं हेमाडपंती मंदिर पाणी उतरल्यामुळं उघडं पडलं होतं. शिखर, भिंती, सगळं गाळानं माखलेलं, तरी उभं. आसपास घरांच्या पायाचे दगड दिसत होते. एका ठिकाणी जातं पालथं पडलेलं. लोक फोटो काढत होते, आम्हीही काढला. मग पुढं कुंभारगावला जाऊन बोट केली.

बोटीत बसल्यावर जे झालं ते खरं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. मला फार बरं वाटलं. नावाड्यानं इंजिन बंद करून बोट बांबूवर घेतली तेव्हा आवाज म्हणून राहिला नाही. उथळ पाण्यात फ्लेमिंगो ओळीनं उभे, मान उलटी घालून चरत होते. नावाडी त्यांना कधी रोहित म्हणायचा, कधी अग्निपंख. मध्येच थवा उठला आणि पंखांखालचा लाल रंग एकदम दिसला तसा मास्तर लहान पोरासारखा उभाच राहिला, बोट डुलली आणि शिव्या खाऊन खाली बसला. मी चप्पल काढून हात पाण्यात सोडला होता. चाळीस-पन्नास वर्षांत पाणी बघितलं की माझ्या डोक्यात पहिला हिशेब सुरू होतो, किती इंची, किती तास, किती सऱ्या भिजतील. त्या दिवशी तासभर तो हिशेब थांबला. विश्रांती म्हणतात ती हीच असणार.

तेवढ्यात सेक्रेटरीनं नावाड्याला विचारलं, "दादा, गाव कंचं तुमचं?"

त्यानं हातातल्या बांबूनंच खाली दाखवलं. "हितंच. आता बोट चाललीय नव्हं, ह्याच्याच खाली. आज्याची बारा एकर होती. काळी."

तो रागानं बोलला नाही, बसमधला माणूस स्टॉप सांगतो तसं बोलला. पण माझा हात आपोआप पाण्याबाहेर आला.

त्याचं कारण माझ्यापाशी आहे आणि मी ते आजवर लिहिलं नव्हतं. उजनीचं काम १९६६ ला सुरू झालं आणि १९८० ला पुरं झालं. आमच्या भागात कालवा येणार, जिराईत बागायत होणार, म्हणून आनंद होता. त्याच्यासोबत दुसरीही एक गोष्ट येणार होती. ज्यांची जमीन धरणात गेली त्यांना लाभक्षेत्रात जमीन द्यायची, आणि ती ज्यांच्याकडं ठराविक एकरांच्या वर आहे त्यांच्याकडून घ्यायची. आमची बावीस एकर. वडील रात्र रात्र झोपले नाहीत. मग गावानं जो रस्ता धरला तो त्यांनीही धरला. मागच्या तारखेचा स्टॅम्प मिळवला आणि वाटणीपत्र केलं. वडील, चुलते, आजी, आत्या, आणि मी. कागदावर पाच घरं झाली, चूल एकच राहिली. ते वाटणीपत्र मी लिहिलं. घरात दहावी झालेला मी एकटा, आणि अक्षर चांगलं.

वर्ष-दीड वर्षानं एक माणूस आला. धोतर, डोक्याला पटका, हातात सरकारी कागदाची सुरळी. कागदावर आमच्या जमिनीचा नंबर होता. वडिलांनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, चहा दिला आणि नवे उतारे दाखवले. कुणाच्याच नावावर हद्दीच्या वर जमीन नव्हती. त्याला वाचता येत नव्हतं, पण वाटणीपत्र त्यानं बराच वेळ हातात धरलं. मग विचारलं, "अक्षर कुणाचं?" वडिलांनी माझ्याकडं बोट केलं. तो म्हणाला, "चांगलंय पोरा." आणि उठून गेला. तो कुठल्या गावचा, पुढं त्याला जमीन कुठं मिळाली, मिळाली का नाही, मी कधी विचारलं नाही. विचारायचं सुचलं नाही असं नाही. विचारलं नाही.

बोटीत मी हे बोलून दाखवलं. नावाडी इंजिनपाशी होता, त्याला ऐकू गेलं नसेल असं मला वाटलं. सेक्रेटरी लगेच म्हणाला, "आरं, वाटण्या कुणी केल्या न्हाईत? अख्ख्या गावानं केल्या." कंडक्टर म्हणाला, धरण सरकारनं बांधलं, आपण नाही, आणि बुडवायचं होतं ते बुडालंच असतं. मास्तरनं जरा विचार करून सांगितलं, की बापाच्या शब्दावर सोळा-अठराच्या पोरानं लिहिलेल्या कागदाचा दोष पोराकडं येत नाही.

तिघांचं म्हणणं मी त्यानंतर पुष्कळ वेळा मनात फिरवून पाहिलंय. मास्तरचं बोलणं मायेचं आहे, पण ते मला लागू पडत नाही. लिहिताना मला कळत होतं. मागची तारीख घालताना पेन थांबला होता, एवढं मला स्वच्छ आठवतं. कंडक्टरचं धरणापुरतं खरं, पण मी धरणाबद्दल बोलत नव्हतो, ओट्यावर आलेल्या माणसाबद्दल बोलत होतो. आणि सगळ्या गावानं केलं हे तर सगळ्यात सोयीचं. आम्ही जमिनीसारखी दोषाचीही कागदावर वाटणी करून टाकली. प्रत्येकाच्या नावावर इतका थोडा आला, की तो हद्दीच्या खालीच राहिला.

पण उलट बाजूही आहे. समजा मी आयुष्यभर हळहळत राहिलो, बोटीत बसलोच नाही, पक्षी बघितलेच नाहीत, तर त्यातनं त्या माणसाला काय मिळालं? वाईट वाटून घेणं हीसुद्धा एक ऐश होऊ शकते, पोट भरलेल्या माणसाची. मी नाही बसलो तर नावाड्याचे बोटीचे पैसे तेवढे बुडणार. मग सुख घ्यावं आणि गप्प राहावं? तेही जमत नाही. बारा एकर काळी खाली आहे हे एकदा कळल्यावर वरून जाताना पाणी नुसतं पाणी राहत नाही. मला वाटतं फरक लाजेचा आणि देण्याचा आहे. लाज माणूस एकटाच बाळगतो, कुणाला दाखवायची गरज नसते. देणं मात्र कुणाचं तरी असतं, त्याला नाव-गाव असतं. मी पन्नास वर्षं लाज बाळगली, कारण ती स्वस्त पडली.

नावाड्याला ऐकू गेलं होतं. परतताना तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "काका, आमच्या आज्यानंबी मोबदला चुलतभावाच्या नावावर उचलला हुता. आन् मिळालेली जमीन माळाची निघाली तवा दुसऱ्याला काळी म्हणून इकली. कागद समद्यांचंच तसलं." मग हसून म्हणाला, "आता मीबी उन्हाळ्यात गाळपेर करतो. पाणी उतरलं की आज्याच्याच रानात कलिंगड लावतो. तुमच्याकडं पाणी सोडलं की आमचं रान उघडं पडतं. म्हंजे तुमच्या पाळीवर माझं कलिंगड."

बोटीत सगळे हसले. मलाही हलकं वाटलं, आणि मग त्या हलकं वाटण्याचाच राग आला. त्याच्या आज्यानं कुणाला फसवलं म्हणून माझ्या ओट्यावरचा माणूस काही परत येत नाही.

काठावर उतरून आम्ही भिगवणला जेवलो. चिलापी तळलेली आणि रस्सा. मास्तर माळकरी, त्याला पिठलं-भाकरी. जेवण चांगलं होतं, ते चांगलं लागलं. पैसे देताना मी नावाड्याचा नंबर घेतला.

दोन महिन्यांनी, २१ मे ला, वादळात उजनीत बोट बुडाल्याची बातमी आली. करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली बोट. सहा जण गेले. ते मजेसाठी बसलेले नव्हते. पाण्यानं दोन्हीकडची गावं तोडली, रस्त्यानं मोठा वळसा पडतो, म्हणून तिकडचे लोक बोटीनं जातात-येतात. आम्ही ज्या पाण्यावर एक दिवस सुट्टीला गेलो तो त्यांचा रोजचा रस्ता. मी नावाड्याला फोन लावला. तीनदा उचलला नाही, चौथ्यांदा उचलला. तो बरा होता. त्याची बोट दुसऱ्या गावाची. "तुम्ही फोन केला व्हय," एवढंच दोनदा म्हणाला.

तेव्हापासून आमचं बोलणं होतं. महिन्याकाठी एकदा, कधी तो करतो कधी मी. पाणी किती आलं, वरनं किती सोडलं, कलिंगडाला काय भाव. ओट्यावर आलेल्या माणसाबद्दल मी त्याला सांगितलंय, पटका, सुरळी, जेवढं आठवतं तेवढं. तो म्हणाला, तशी हजार माणसं होती, काका. तरी जुन्या लोकांत विचारून बघतो म्हणाला.

आत्याच्या नावावर केलेली चार एकर अजून आम्हीच कसतो. आत्या गेली, तिनं कधी दाणा मागितला नाही. त्या तुकड्यात यंदा ऊस मोडून मालदांडी पेरलीय. चौघांचं पुन्हा एकदा बोटीत जायचं ठरतंय, सुगी झाली की. नावाड्याला कळवलं तर म्हणाला, "येताना पोतंभर ज्वारी आणा तुमच्याकडची. पैसं देतो, फुकट नको." त्याच तुकड्यातली ज्वारी नेणार आहे. पैसे घ्यायचे का नाही, ते अजून माझं ठरलेलं नाही.