कैफियत ऐकणारी संपादिका

संपादकाची योग्यता ठरवताना त्याच्या अग्रलेखाची धार तपासण्याचा आपल्याकडे जुना शिरस्ता आहे, आणि ‘केसरी’च्या परंपरेत वाढलेल्या महाराष्ट्राला तो स्वाभाविकही वाटतो; परंतु त्याच ‘केसरी’चे संपादक असलेल्या न. चिं. केळकरांच्या नातीने संपादनाची जी रीत घालून दिली, ती या मापात बसत नाही. विद्या बाळ यांनी लिहिले पुष्कळ, पण त्यांचे खरे कर्तृत्व ऐकण्यात होते. ज्या स्त्रियांची कैफियत घरात, पंचायतीत वा कचेरीत कोणी दाखल करून घेत नव्हते, तिची पहिली नोंद मासिकाच्या दप्तरी व्हावी, हा विचार त्यांनी जन्मभर राबवला. आणि मराठी स्त्री-पत्रकारितेत त्यांचे स्थान माझ्या मते याच एका गोष्टीवरून ठरावे.

ज्या ‘स्त्री’ मासिकाच्या त्या पुढे संपादिका झाल्या, ते त्यांनी काढलेले नव्हे. शं. वा. किर्लोस्कर यांनी ते 1930 मध्ये किर्लोस्करवाडीहून, म्हणजे औंध संस्थानातल्या, नांगरांच्या कारखान्याभोवती उभ्या राहिलेल्या वसाहतीतून, सुरू केले. स्त्रियांचे मासिक पुरुषाने चालवावे यात त्या काळी कोणाला वावगे वाटत नसे. पतीच्या निधनानंतर ‘दीनबंधु’चे संपादन निभावणाऱ्या तानूबाई बिर्जे यांच्यासारख्या बाईचे उदाहरण विरळाच. शंकररावांच्या मासिकाने स्त्रीशिक्षणाची आणि सुधारणेची बाजू धैर्याने मांडली, हे निर्विवाद आहे. तरीही औदार्यात देणाऱ्याचा हात नेहमी वर राहतो, आणि बाईला काय कळावे हे ठरवण्याची मुखत्यारी दुसऱ्याकडेच उरते. ही मुखत्यारी वाचक स्त्रीच्या स्वाधीन करण्याचे काम पुढच्या पिढीवर आले.

विद्याताईंचा जन्म 12 जानेवारी 1937 चा. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी, पुणे आकाशवाणीवर काही काळ नोकरी, आणि 1964 पासून ‘स्त्री’च्या संपादन विभागात काम, असा हा पुण्यातल्या सुशिक्षित घराला शोभेल असाच क्रम. 1974 मध्ये त्यांनी पुणे महापालिकेची निवडणूक जनसंघातर्फे लढवली आणि त्या हरल्या. हा तपशील झाकण्याजोगा तर नाहीच; किंबहुना त्यांच्या चरित्रातला मला सर्वांत उद्बोधक वाटणारा तपशील हाच आहे, कारण पुढे देवळाच्या चौथऱ्यापासून शयनगृहापर्यंत प्रत्येक रूढीला जाब विचारणारी ही बाई विद्रोहाच्या घरात जन्मलेली नव्हती. तिचे मतांतर कोण्या पोथीने घडवले असेल असे मला वाटत नाही; टपालाने येणाऱ्या पत्रांचा गठ्ठा वर्षानुवर्षे डोळ्यांखालून घालणाऱ्या माणसाच्या मनात जी उलथापालथ होते, तिचेच ते फळ असावे.

त्यातच 1982 साल उजाडले. पुण्यात नवविवाहितांच्या संशयास्पद मृत्यूंनी मध्यमवर्गाची झोप उडवली; हुंडाबळी ही दुसऱ्या कोणाच्या घरातली गोष्ट, हा समज ढासळला. त्याच साली स्थापन झालेल्या नारी समता मंचाने, या मृतांपैकीच एकीच्या नावाने उभारलेले ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेले, आणि ‘बोलते व्हा’ या नावाचे केंद्र उघडून पीडित स्त्रीला आपले म्हणणे मोकळेपणाने सांगता येईल अशी जागा करून दिली. 1983 मध्ये ‘स्त्री’चे संपादकपद हाती आलेल्या विद्याताई या साऱ्याच्या अग्रभागी होत्या. संपादकाने चळवळीपासून अंतर राखावे असा एक संभावित संकेत आहे. त्यांनी तो मानला नाही, आणि बरेच झाले. कारण छापलेल्या पत्राखाली ‘संपादक’ अशी सही करून मोकळे होणे म्हणजे फिर्याद घेऊन फिर्यादीला दारातूनच परत धाडण्यासारखे आहे.

1986 मध्ये त्यांचे ‘स्त्री’शी असलेले नाते संपले. ऑगस्ट 1989 मध्ये, मागे कोणत्याही कारखान्याचे पाठबळ नसताना, त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. या मासिकात पाककृतींचे व भरतकामाचे रकाने भरून वर्गणीदार टिकवण्याची सोय नव्हती. वाचक स्त्रीने स्वतःच्या जगण्याविषयी स्वतः लिहावे, ही अपेक्षा होती. पुरुषांनाही त्यांनी वगळले नाही. पुरुष संवाद केंद्र हा त्याच विचाराचा विस्तार. पुढे संपादनाची धुरा गीताली वि. मं. यांच्याकडे गेली. आपल्या हयातीत खुर्ची सोडणारे संपादक मराठीत थोडे, हे जाता जाता नमूद करतो.

आता हे सारे पुण्याचे झाले. कल्याणच्या पलीकडे कर्जतच्या वाटेवर वसलेल्या आमच्या तीन गावांचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. उल्हासनगर हे फाळणीने उखडलेल्या सिंधी निर्वासितांना लष्करी छावणीत आसरा मिळून झालेले शहर; अंबरनाथ हे शिलाहारकालीन शिवालयाचे आणि त्याचबरोबर आयुधनिर्माणीचे व एकेकाळच्या आगपेट्यांच्या कारखान्याचे; बदलापूर हे मुंबईत घर न परवडणाऱ्यांचे. तिन्ही ठिकाणी बाईची कमाई घर तोलून धरते, मग ती कमाई जीन्स शिवण्याची असो, पापड लाटण्याची असो, वा पहाटेची लोकल धरून गाठलेल्या कचेरीतली असो. विद्याताईंच्या संपादित पुस्तकांत ‘मिळवतीची पोतडी’ आहे. ती पोतडी खांद्याला लावून महिलांच्या डब्यात उभ्याने प्रवास करणारी स्त्री आमच्या फलाटांवर रोज दिसते. डब्यात भाजी निवडता निवडता ती जे बोलते ते कोणत्या दप्तरी दाखल होते? मात्र एक मर्यादाही सांगितली पाहिजे: उल्हासनगरच्या कॅम्पांतली सिंधी गृहिणी मराठी मासिकाच्या परिघाबाहेरच राहिली, आणि तिची कैफियत ऐकणारे मासिक मराठी वाचकाच्या दृष्टीस कधी पडले नाही. हा दोष एका संपादिकेचा नव्हे, शेजारी नांदूनही एकमेकांची लिपी न वाचणाऱ्या आपल्या सर्वांचा आहे.

छापील कैफियत न्यायासनापर्यंत नेता येते, हे विद्याताईंनी वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर दाखवून दिले. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना मज्जाव करणाऱ्या वहिवाटीविरुद्ध त्यांनी ॲड. नीलिमा वर्तक यांच्यासह मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. युक्तिवादाचा आधार नवा नव्हता. सार्वजनिक हिंदू पूजास्थानांत प्रवेशाचा अधिकार देणारा 1956 चा कायदा राज्याच्या दप्तरात साठ वर्षे पडून होता. 1 एप्रिल 2016 रोजी न्यायालयाने मंदिरप्रवेश हा स्त्रियांचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, आणि आठवड्याभरात, गुढीपाडव्याला, चौथरा खुला झाला.

30 जानेवारी 2020 रोजी त्या निवर्तल्या. त्यानंतर साडेचार वर्षांनी बदलापुरात एका शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला, तक्रार नोंदवून घेण्यास झालेल्या विलंबाने संतापलेले गाव 20 ऑगस्ट 2024 रोजी रुळांवर उतरले, आणि दोनच दिवसांत उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या दिवसाच्या दंगलीचे समर्थन मला करायचे नाही. पण ज्या समाजात आईची फिर्याद वेळेवर लिहून घेतली जात नाही, तिथे ती अखेर रुळांवर येऊन ओरडते, एवढे त्या दिवसाने सिद्ध केले. विद्याताईंच्या टेबलावर चाळीस वर्षांपूर्वी येणारी पत्रे हेच सांगत होती.

ती पत्रे ज्या अंकांत छापली गेली ते आज सहजी मिळत नाहीत. बदलापूरच्या ‘ग्रंथसखा’ने जुने मराठी ग्रंथ आणि नियतकालिके जपण्याचे काम निष्ठेने चालवले आहे; अशा कामास घरोघरच्या माळ्यांचे साहाय्य हवे. दिवाळीच्या साफसफाईत आजीच्या ट्रंकेतून ‘स्त्री’चे वा ‘मिळून साऱ्याजणी’चे जुने अंक निघाले, तर ते रद्दीच्या तराजूत टाकण्यापूर्वी वाचकांनी आपल्या गावच्या वाचनालयाकडे एकवार अवश्य विचारणा करावी.